गंधार कुठून आला?

पुढच्या दोन रांगा मोकळ्या ठेवून मागे दाटीवाटीनं बसलेल्या सातारकर रसिकहो,

पुढे या. खरंच या. आज मला तुमचे कान जवळ हवे आहेत. शेवटच्या रांगेत शब्द पोहोचतील, पण जे ऐकवायला मी आलोय ते तिथं पोहोचेलच असं नाही.

माझ्या डाव्या-उजव्या हाताला या दोन मुली बसल्या आहेत. त्यांच्या मांडीवर मिरजेचे दोन तंबोरे आहेत. मी आता दोन मिनिटं काही बोलणार नाही. तुम्हीही बोलू नका. मोबाइल बंद करा आणि फक्त ऐका.

(तंबोरे वाजत राहिले.)

किती तारा आहेत? चार. पहिली मंद्र पंचमाला लावलेली, मधली जोड षड्जाला, आणि शेवटची ही पितळी तार खर्जाला. म्हणजे स्वर किती झाले? दोनच. सा आणि प. मग मघापासून आणखी कोण गातंय? तिसऱ्या रांगेतल्या काकांनी मान डोलावली, त्यांना ऐकू आलाय. काका, कोणता स्वर?

बरोबर. गंधार.

तो गंधार या मुलींनी लावलेला नाही. त्याची तार नाही, खुंटी नाही. आपले जुने गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. त्यात चमत्कार काही नाही. खर्जाची तार छेडली की ती अख्खी हलते, आणि त्याच वेळी अर्ध्याअर्ध्यात हलते, तिसऱ्या हिश्शात हलते, चौथ्या हिश्शात हलते. पाचव्या हिश्शात जी थरथर होते, ती तार सप्तकातला गंधार बनून तुमच्या कानावर येते. पंचमाच्या तारेतही हेच घडतं. तिच्या तिसऱ्या हिश्शातून रिषभ निघतो, पाचव्यातून निषाद. म्हणजे लावले दोन आणि उगवले पाच. आज मी बोलणार आहे ते या न लावलेल्या स्वरांबद्दल.

ज्या मास्तरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्याकडे मी नवव्या वर्षी शिकायला गेलो. जाताना घरची पेटी डोक्यावर घेऊन गेलो होतो. मास्तरांनी पेटीकडे पाहिलं, कोपऱ्यातलं घोंगडं उचललं आणि तिच्यावर टाकलं. म्हणाले, "हिला झोपू दे. तू सा लाव." मी विचारलं, "कुठला सा, काळी एक की पांढरी दोन?" मास्तर म्हणाले, "तुझा."

त्या एका शब्दात स्वरशास्त्राचा पहिला धडा आहे. सा म्हणजे अमुक उंचीचा आवाज नव्हे. बाई काळी चारला गाते, बुवा पांढरी एकला गातो, शाळेतलं पोर कुठंही गातं, आणि तिघांचाही सा हा साच असतो. सगळ्यांची घरं वेगवेगळी, पण प्रत्येकाच्या घरात उंबरा एकच. एकदा तो ठरला की बाकीचे सहा जण आपापल्या अंतरावर येऊन बसतात. रिषभाला, गंधाराला स्वतःची उंची नाही, सा-पासूनचं अंतर आहे. आडनावासारखं नव्हे, नात्यासारखं. मामा हा कुणाचा तरी मामा असतो, नुसता मामा कुठं असतो?

हे अंतर मोजता येतं का? येतं. आणि त्याला कॉम्प्युटर लागत नाही. ही फळी पाहा. हिच्यावर ३६ इंचांची तार ताणली आहे. सुटी छेडली की सा. बरोबर मध्ये, १८ इंचांवर बोट धरलं की वरचा सा. २४ इंचांची तार ठेवली की पंचम. २७ ठेवली की मध्यम. १७ व्या शतकात अहोबल पंडितानं 'संगीत पारिजात'मध्ये असेच तारेच्या लांबीवरून स्वर सांगितले. आता गंधार. २८ इंच आणि वर इंचाचे आठ दशांश. ऐका. (वाजवून दाखवले.) आणि आता तंबोऱ्यातला ऐका. मिळाला? दोघांत केसभर फट नाही.

आता ते घोंगडं काढू. ही पेटी तंबोऱ्याच्या साला लावून ठेवली आहे. मी गंधाराची पट्टी दाबतो. (पेटीवर गंधार धरला.) काय झालं? गंधार हेलकावतोय. हिशेबाच्या सोयीसाठी साची कंपनं सेकंदाला २४० धरा. तंबोऱ्याचा गंधार ३०० वर येतो. पेटीचा येतो सुमारे ३०२.४ वर. पंचमात फरक जवळजवळ नाही, तिथं पेटी शहाण्यासारखी वागते. गंधारात मात्र दोन-अडीच कंपनं चढते. का? कारण पेटीच्या सप्तकाचे बारा सारखे तुकडे केलेले असतात, म्हणजे कुठल्याही पट्टीवरून गायला बसलं तरी चालावं. सगळ्यांना सारखा वाटा दिला. निसर्गानं दिला नव्हता.

हे काही मी शोधून काढलेलं नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी, आपल्या सांगली-सातारा या दोन जिल्ह्यांत, नेमक्या या दोन-अडीच कंपनांसाठी दोन माणसांनी आयुष्याची काही वर्षं घालवली. आज सातारकरांसमोर मुद्दाम सांगतोय, कारण आपण त्यांना विसरलो.

पहिले सांगलीचे. देवल म्हटलं की आपल्याला 'शारदा' आठवतं, 'संशयकल्लोळ' आठवतं, म्हणजे गोविंद बल्लाळ. मी सांगतोय ते कृष्णाजी बल्लाळ देवलांविषयी. सरकारी नोकरी करून डेप्युटी कलेक्टर म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ. पेन्शनीत माणूस काय करतो? बाग करतो, तीर्थयात्रा करतो, भाऊबंदकीचे दावे लढतो. देवलांनी श्रुती, म्हणजे स्वरांमधली सूक्ष्म अंतरं, मोजायला घेतल्या. दुसरे साताऱ्याचे, म्हणजे इथं जिल्हा न्यायाधीश असलेले अर्नेस्ट क्लेमंट्स. इंग्रज आयसीएस. दिवसा फौजदारी खटले, आणि नंतर भरत-शार्ङ्गदेवांचे जुने संगीतग्रंथ! कल्पना करा, एका गोऱ्या न्यायाधीशासमोर मध्यम ग्राम या जुन्या स्वरमांडणीची केस चालली आहे.

प्रश्न काय होता? भरतानं नाट्यशास्त्रात सप्तकाच्या २२ श्रुती सांगितल्या. त्यांची वाटणीही दिली: साला चार, रिषभाला तीन, गंधाराला दोन, मध्यमाला चार, पंचमाला चार, धैवताला तीन, निषादाला दोन. बेरीज करा, बावीस होते. पण एक श्रुती म्हणजे नेमकं केवढं अंतर, हे भरतानं आकड्यात लिहिलं नाही. मग प्रत्येक पिढीत कुणीतरी उठतं आणि ते लिहायला बसतं.

देवल एकटे कागदावर बसले नाहीत. त्यांनी गवई धरला. आणि गवई कोण? मिरजेचे अब्दुल करीम खाँ! अहो, सुरेलपणाची मोजपट्टी करायची तर याहून चांगली काठी देशात दुसरी कुठली मिळाली असती? खाँसाहेब १८७२ चे, किराना गावचे, पण मिरजेत राहिले आणि शेवटी, १९३७ साली, मिरजेच्याच मातीत मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात विसावले. त्यांच्या गळ्यातून निघालेले स्वर देवलांनी तारेवर ताडून पाहिले, गुणोत्तरं मांडली आणि १९१० साली २२ श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक छापलं. क्लेमंट्स साहेबांचं पुस्तक १९१३ साली आलं. आणि एवढ्यावर न थांबता या मंडळींनी विलायतेत खास पेटी बनवून घेतली. श्रुती हार्मोनियम. नेहमीच्या बारा स्वरांऐवजी सगळ्या श्रुती वाजतील अशी.

इथं थांबून मला एक विचारायचंय. बावीस श्रुतींची गरज कुठून निर्माण झाली असेल? एक उदाहरण घेऊ. धैवत. तो गंधाराशी जुळवून लावा, ३०० च्या गंधारावरून मध्यमाच्या अंतरानं मोजा, तर येतो ४०० वर. तोच धैवत रिषभाशी जुळवा, २७० च्या रिषभावरून पंचमाच्या अंतरानं, तर येतो ४०५ वर. दोन्ही खरे. दोन्ही सुरेल. धैवत कुठं राहतो हे धैवताला विचारून कळत नाही, तो आत्ता कुणाशी बोलतोय हे पाहावं लागतं. देवलांना हे दिसलं होतं, म्हणून मी त्यांना वेडा पेन्शनर म्हणत नाही. त्यांचा प्रश्न अचूक होता. चूक झाली ती पेटीत. दोन धैवतांसाठी त्यांनी दोन पट्ट्या केल्या आणि त्या पट्ट्यांना खिळे ठोकले.

१९१६ च्या मार्चमध्ये बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. तिथं ही पेटी मांडली गेली, आणि तिथंच समोर होते संगीतशास्त्री विष्णू नारायण भातखंडे. वकिली केलेला माणूस! श्रुतींचे इतके बारीक आकडे गवयाच्या गळ्यावर लादायला त्यांचा विरोध होता. पेटी मान्य झाली नाही. पुढं काळानं भातखंड्यांच्याच बाजूनं कौल दिला. १९६३ साली नझीर जयराजभॉय आणि स्टोन या संशोधकांनी यंत्रावर मोजमाप करून दाखवलं की एकच कलाकार एकाच बैठकीत तोच स्वर वेगवेगळ्या जागी लावतो. आणि साध्या पेटीचं नशीबही पाहा: १९४० साली रेडिओनं तिला दार बंद केलं, ते किलकिलं व्हायला १९७१ उजाडलं. आज तिच्याशिवाय मैफल बसत नाही. मीही तिच्याबरोबर गातो. फक्त गंधारावर आलो की माझा साथीदार शहाणा आहे, तो पट्टीवरून बोट हलकेच उचलतो.

देवल जे पट्ट्यांत शोधत होते, ते त्यांच्या घरापासून काही मैलांवर मिरजेच्या गल्लीत रोज तयार होत होतं. तिथले वाद्यं घडवणारे मूळचे शिकलगार, म्हणजे तलवारींना धार लावणारे. १९ व्या शतकात तलवारी गेल्या आणि हत्यारं तीच ठेवून फरीदसाहेब शिकलगारांनी वाद्यं घडवायला घेतली. मंगळवेढ्याकडचा कडू भोपळा, तुणीचं लाकूड, आणि गवयांचा राबता. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. चांगलं झालं. पण मला तुम्हाला मानांकन दाखवायचं नाही, घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, दाखवायची आहे.

मागच्या महिन्यात हा तंबोरा जवारीला, म्हणजे घोडी घासून आवाज उघडून घ्यायला, नेला होता. दुकान म्हणजे दहा बाय बाराची खोली. जमिनीवर भुसा, भिंतीला भोपळे टांगलेले. कारागिरानं तंबोरा आडवा घेतला, खर्जाची तार सैल करून बाजूला सारली आणि घोडीच्या माथ्यावर कानस फिरवली. दोनदा. फक्त दोनदा! तार पुन्हा जागेवर घेतली, खुंटी पिळली, छेडली. मान हलवली. पुन्हा तार सरकवली, पुन्हा कानस. घोडीचा माथा सपाट दिसतो पण सपाट नसतो, त्याला अगदी किंचित उतार असतो, आणि हलणारी तार त्या उताराला चाटून जाते. त्या चाटण्यातून तारेतले लपलेले स्वर वर येतात. मग त्यानं तारेखाली सुताचा दोरा घातला आणि नखानं मागे-पुढे सरकवू लागला. आवाज बंद, बंद, बंद… आणि एका जागी एकदम उघडला. गंधार खोलीभर. मी म्हटलं, "आला." तो म्हणाला, "अजून ओरडतोय. जरा मागं घेऊ." आणि दोरा इतका मागं घेतला की मला तो हललेला दिसलाही नाही.

त्याला मी विचारलं नाही की किती कंपनं. आणि हो, फोनमधल्या तंबोऱ्यालाही मी नावं ठेवणार नाही. एसटीत रियाज करायचा तर मीही तोच लावतो. पण त्यात दोरा नाही.

आता भावाकडे येऊ. बरेच जण त्यासाठीच आला आहात, मला ठाऊक आहे. कुठल्या स्वरातून कुठला भाव? लोकांना तक्ता हवा असतो. कोमल गंधार म्हणजे दुःख, शुद्ध म्हणजे आनंद. पाश्चात्त्य संगीतात मेजर-मायनरबद्दल असं सर्रास म्हणतात. आपल्याकडे? काफीत गंधार-निषाद दोन्ही कोमल. आणि काफीत आपण काय गातो? होरी! रंग उधळतो! भैरवीत तर रे, ग, ध, नी चारही कोमल, आणि तिचा करुण विरह जितका खरा तितकाच नाटकातल्या पदाचा खट्याळपणाही खरा. मग तक्त्याचं काय करायचं?

भरताकडेही तक्ता आहे. सा-रे वीर, रौद्र, अद्भुत. म-प हास्य आणि शृंगार. ग-नी करुण. आणि धैवत? बीभत्स आणि भयानक! सकाळी धैवतप्रधान देशकार गाणाऱ्याला हे सांगून पाहा. पण दोष भरताचा नाही. तो नाटकातल्या जातींच्या, म्हणजे रागांच्या पूर्वजांच्या, गायनाबद्दल सांगत होता, ज्या जातीत तो स्वर अंश, म्हणजे मुख्य, आहे तिच्याबद्दल. आपण मधलं ते वाक्य गाळलं आणि तक्ता पाठ केला.

मुख्य कोण, हा खरा प्रश्न. मी चौदा वर्षांचा असताना एका परीक्षेला बसलो. परीक्षकांनी भूप गायला सांगितला. गायलो. मग म्हणाले, देशकार गा. मी घाबरलो, कारण दोन्हींत सा रे ग प ध हे पाचच स्वर, सगळे शुद्ध. मी तेच जरा वरच्या पट्टीत म्हटलं. परीक्षक हसले, मी नापास झालो. घरी येऊन मास्तरांना सांगितलं. मास्तरांनी भूप गायला. ऐका, मी जमेल तसा गातो. (गाऊन दाखवले.) गंधारावर बसायचं. खालच्या धैवताकडे हळूच पाहून यायचं, आणि पुन्हा गंधारावर. संध्याकाळ झाली, दिवे लागलेत. आता देशकार. (गाऊन दाखवले.) गंधाराला नुसता शिवून निघायचं, रिषभाला तर नमस्कारापुरतं, आणि धैवतावर उभं राहून वरच्या साकडे पाहायचं. उजाडलं की नाही? घरातली माणसं तीच, कर्ता बदलला की घराचं वळण बदलतं. आपल्या शास्त्रात त्या कर्त्याला वादी म्हणतात, त्याच्या जोडीदाराला संवादी. भूपात ग आणि ध, देशकारात ध आणि ग. अदलाबदल केली, संध्याकाळची सकाळ झाली.

भातखंड्यांनी दहा थाट दिले, आणि ते मराठीत, गुरु-शिष्याच्या संवादातून, चार भागांच्या ग्रंथात समजावून दिले. त्यांचे उपकार मोठे. पण थाट म्हणजे कपाटाचा कप्पा, हे त्यांनाही माहीत होतं. मारवा थाटाचा कप्पा उघडा. कोमल रिषभ, शुद्ध गंधार, तीव्र मध्यम, पंचम, शुद्ध धैवत, शुद्ध निषाद. यात पंचम वर्ज्य करणारे, एकाच स्वरांचे तीन राग सापडतील. गंधार-निषादावर रेंगाळत मंद्रात राहिलात तर पूरिया, गंभीर, आत वळलेला. वर चढून तार षड्जाभोवती घोटाळलात तर सोहनी, रात्र सरताना मनाला हुरहूर लावणारी. आणि रिषभ-धैवतावर थांबलात तर मारवा.

मारव्याचं थोडं सावकाश सांगतो. त्याचा वादी रिषभ आणि संवादी धैवत असं पुस्तकं सांगतात. पण त्या दोघांत मोजून पाहा, ना पंचमाचं अंतर, ना मध्यमाचं. नावाला संवाद, प्रत्यक्षात बेबनाव. वादी-संवादीत पंचमाचं किंवा मध्यमाचं अंतर हवं, हा पुस्तकाचा नियम इथं मोडतो आणि राग तिथूनच सुरू होतो. आणखी एक. मारवा गाणारा साला टाळतो. निषादावरून रिषभाकडे उडी मारतो, धैवतावर लोंबकळतो, घराच्या दारावरून चारदा जातो आणि आत येत नाही. मागे तंबोरा काय करत असतो? तंबोरा सतत सा सांगत असतो. या दोन मुली अखंड तुम्हाला उंबरा दाखवत असतात आणि गाणारा अंगणातच. सूर्य बुडताना पोटात कालवतं ते त्या रिषभामुळे नव्हे. एकटा रिषभ पेटीवर दाबून बसा, काही होणार नाही. तंबोरा बंद करून मारवा गा, तो अर्धा विझतो. माझ्या मते भाव म्हणतात तो या दोघांच्या मध्ये असतो, जे लावलंय आणि जे गाताना टाळलंय त्यांच्या मध्ये.

घड्याळात सव्वासहा झालेत. वेळही बरोबर जमली आहे. मुलींनो, दोन्ही तंबोऱ्यांची पहिली तार पंचमावरून निषादाला घ्या. मारव्यात पंचमाला जागा नाही. खुंटीनं आणा, मग मणी सरकवा. घाई नको, लोक थांबतील… अजून किंचित उतरव. दोरा बघ… हां.

तिसऱ्या रांगेतले काका, गंधार अजून ऐकू येतोय ना? मग ते वरचे दिवे तेवढे कमी करा कुणीतरी.

(यानंतर वक्त्यांनी मारव्यात आलाप गायला.)